वैनगंगेचा पूर, आकाशातला साक्षीदार आणि तलाठ्याचा पंचनामा

वैनगंगेला पूर आला की भंडारा जिल्ह्यातल्या बातम्यांचे मथळे ठरलेले असतात. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडले, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले, कारध्याच्या पुलाजवळ नदीने धोक्याची पातळी ओलांडली! चार दिवसांनी पाणी उतरते आणि मथळेही उतरतात. त्यानंतर खरी लढाई सुरू होते, पण तिची बातमी होत नाही. ती लढाई असते पंचनाम्याची.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर भंडारेकर विसरलेले नाहीत. शिवनी, बालाघाट, छिंदवाडा या जिल्ह्यांत कोसळलेला पाऊस एका बाजूने वैनगंगेतून आणि दुसऱ्या बाजूने पेंच-कन्हानमधून खाली आला. भंडारा शहराच्या सखल वस्त्या पाण्यात गेल्या. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि तेच पाणी पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावे बुडवत गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्येही नदीने पुन्हा पात्र सोडले. प्रत्येक वेळी मदतीच्या घोषणा झाल्या आणि प्रत्येक वेळी मदतीच्या यादीत नाव नसलेली माणसे कागद घेऊन आमच्यासारख्या वकिलांच्या दारात उभी राहिली. घर बुडाले होते, पण पंचनाम्यात बुडाले नव्हते!

पंचनाम्यात मुळात दोनच प्रश्न असतात. पाणी कुठपर्यंत आले? आणि किती वेळ राहिले? या दोन उत्तरांवर सगळे अवलंबून असते. पिकासाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीची अट आहे. घरासाठी वेळेची अट कशी लावली जाते, हे २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात अवघ्या महाराष्ट्राने पाहिले. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तरच मोफत धान्य, अशी अट शासननिर्णयात आली आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. म्हणजे चाळीस तास पाण्यात असलेला उपाशी आणि पन्नास तास पाण्यात असलेला पात्र! आता हे तास मोजले कुणी? गावात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात तेव्हा पाणी उतरलेले असते. ते विचारतात कुणाला? ज्याच्या ओसरीवर खुर्ची मिळते त्याला. गावाच्या खालच्या अंगाला असलेली बौद्ध वस्ती, नदीकाठची ढीवरांची टोली, गायरानावरच्या झोपड्या यांच्यापर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ होते. प्रत्येक कर्मचारी जातीयवादी असतो असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यातही आमचेच बांधव आहेत. पण व्यवस्थेला जात पाळण्यासाठी माणसाने वाईट असण्याची गरज नसते. तिला फक्त ओसरीवरची खुर्ची पुरते.

मात्र या पुराचे असे दोन साक्षीदार आहेत, जे ओसरीवर बसत नाहीत. एक आकाशात फिरतो, दुसरा नदीच्या काठावर उभा आहे. पहिला सांगतो पाणी कुठे होते, दुसरा सांगतो किती होते आणि किती वेळ होते. आमच्या चळवळीने या दोघांना साक्षीला बोलावण्याची कला अजून शिकलेली नाही. ती शिकली पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी आकाशातला साक्षीदार. साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह पुराच्या दिवशी उपयोगाचा नसतो, कारण पुराच्या दिवशी ढग असतात. म्हणून रडारचा उपग्रह लागतो. तो स्वतःच खाली लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी टिपतो. त्याला ना ढग अडवतात, ना रात्र. शांत पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, लहर त्यावर आपटून दुसरीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही. म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळे दिसते. पुराआधीचे चित्र आणि पुरातले चित्र शेजारी ठेवले की जे नव्याने काळे झाले तो पूर. भारताचा रिसॅट-१ हा असा उपग्रह २०१२ मध्ये गेला, त्याच मालिकेतला ईओएस-०४ २०२२ मध्ये. युरोपच्या सेंटिनेल-१ ची चित्रे तर २०१४ पासून जगातल्या कुणालाही फुकट मिळतात. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र देशातल्या मोठ्या पुरांचे असे नकाशे काढते आणि 'भुवन'वर ठेवते. नागपुरातच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. नागपूर भंडाऱ्यापासून किती लांब? बसने दीड-दोन तास.

पण साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी करावीच लागते. वकिली पेशाने आम्हाला एवढे तरी शिकवले आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा, तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, इथे गावोगावी आहेत. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी असतेच, ते असायलाच पाहिजे. उपग्रहाला मात्र बांधीतले पाणी आणि पुराचे पाणी यांतला फरक आपोआप कळत नाही. एकच चित्र पाहून नकाशा काढला तर निम्मा जिल्हा बुडाल्यासारखा दिसेल आणि मग कुणीतरी अधिकारी सगळा नकाशाच खोटा ठरवून मोकळा होईल. म्हणून पुराआधीचे चित्र त्याच हंगामातले, शक्यतो आठ-दहा दिवस आधीचे हवे. उन्हाळ्यातले चालत नाही.

याच धानाचे दुसरे दुखणे पीकविम्याचे. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत पाणी साचून होणारे नुकसान स्थानिक आपत्तीत धरले जाई. त्यातून २०१८ मध्ये धान वगळले गेले. बुडालेल्या धानाचे नुकसान मोजणे कठीण, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. मोजणे कठीण म्हणून भरपाई बंद, हा कुठला न्याय? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने खरीप २०२६ पासून धानाला ही जोखीम पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले. म्हणजे आता धानाची बांधी पुरात किती दिवस होती हा प्रश्न विमा कंपनीच्या टेबलावरही येणार आहे आणि तिथे पुरावा लागणार आहे.

उपग्रहाची आणखी एक उणीव आहे, आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. रडारची लहर पाण्यावरून उडून घराच्या भिंतीवर आपटली की ती सरळ उपग्रहाकडे परत येते. झाडांच्या बुंध्यांचेही तेच. त्यामुळे उघडे शेत बुडाले तर चित्रात काळे दिसते, पण दाट घरांची वस्ती किंवा झाडीतली टोली कमरेएवढ्या पाण्यात असली तरी काळी दिसत नाही. उलट ती अधिक उजळ दिसू शकते. साध्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ती कोरडी दाखवली जाते! वाचकांनी याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. हे यंत्र मुद्दाम भेदभाव करत नाही, पण त्याचा नकाशा आंधळेपणाने वापरला तर शेतमालकाचे शेत पुरात दिसते आणि त्या शेतावर राबणाऱ्या मजुराची वस्ती पुराबाहेर राहते. पंचनाम्यात जे खुर्चीमुळे घडत होते तेच आता संगणकामुळे घडेल, आणि त्याला 'वैज्ञानिक' म्हटले जाईल.

यावर उपाय नाही असे नाही. लांब तरंगलांबीची रडार लहर झाडीच्या पानोळ्यातून खाली उतरते. भारत आणि अमेरिकेचा संयुक्त उपग्रह निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची एल-पट्ट्याची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे, सेंटिनेलची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. झाडीखालचे पाणी ओळखायला याचा फायदा होतो. तरीही निसार एकाच जागेवरून १२ दिवसांनी त्याच मार्गाने जातो आणि वैनगंगेचा पूर काही त्याचे वेळापत्रक पाहून येत नाही. पाण्याने उच्चांक गाठला मध्यरात्री आणि उपग्रह आला दोन दिवसांनी, तर चित्रात दिसणारा पूर ओसरता पूर असतो. त्या चित्रात तुमचे घर कोरडे दिसते म्हणून ते बुडालेच नव्हते, असे कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच अडवले पाहिजे.

अडवायचे कशाच्या बळावर? इथे दुसरा साक्षीदार कामाला येतो. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे या खोऱ्यात आहेत. वैनगंगेवर कुम्हारी, पवनी आणि खाली आष्टी, बाघ नदीवर राजेगाव, कन्हानवर सातरापूर. तिथे पाण्याची पातळी आणि विसर्ग नोंदवला जातो. पात्राचा छेद किती आणि पाण्याचा वेग किती यांवरून विसर्ग काढतात आणि बऱ्याच वर्षांच्या मोजण्यांवरून अमुक पातळीला अमुक विसर्ग असे कोष्टक तयार होते. (जाता जाता : वर्तमानपत्रे क्युसेक आणि क्युमेकची सर्रास गल्लत करतात. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. आकडा वाचताना एकक आधी पाहावे, नाहीतर पूर ३५ पट वाढतो किंवा आटतो.) ही नोंद तासातासाने होते आणि उपग्रहाला जे जमत नाही ते ती सांगते : पाणी कधी चढले, किती वाजता सर्वांत वर होते, धोक्याच्या पातळीवर किती तास टिकले. दोन दिवसांची अट लावणाऱ्याला उत्तर देणारा कागद तो हाच.

या दोघांची साक्ष एकत्र कशी करायची, तेही सांगतो. ज्या तासाला उपग्रहाने चित्र घेतले त्या तासाला कारध्याला किंवा पवनीला पातळी किती होती ते पाहायचे. म्हणजे 'एवढ्या पातळीला एवढी गावे, एवढे गट क्रमांक पाण्यात' अशी एक ओळ तयार होते. वेगवेगळ्या पुरांतल्या अशा दहा-पंधरा ओळी जमल्या की जिल्ह्याचा पूरकोश तयार होतो. मग ज्या रात्री उपग्रह नव्हता त्या रात्रीचे पाणीही पातळीवरून मांडता येते. आणि पुढचा पूर येण्याआधी, वरच्या केंद्रांवरची पातळी पाहून, कुठली वस्ती कधी उठवायची हेही सांगता येते. जमिनीच्या उंचीचा नकाशा मात्र चांगला हवा. त्यात दोन-तीन मीटरची चूक राहिली तर लाखांदूर, पवनीच्या सपाट धानपट्ट्यात पूररेषा कुठल्या कुठे सरकते. आसाम आणि बिहारसाठी १९९८ पासूनच्या उपग्रहचित्रांवरून पूरधोक्याचे नकाशासंग्रह निघाले आहेत. मग वैनगंगेचा, गावनिहाय आणि मराठीतला, का नको?

यातला केंद्रीय जल आयोग आला कुठून, हे आमच्या वाचकांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९४३ मध्ये दामोदर नदीला पूर आला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाण्याचे नियोजनही त्यांच्याच खात्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदर परिषद आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकला ओरिसातल्या नद्यांवरची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. त्याच १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. नद्यांची माहिती गोळा करणे हे त्याच्या मूळ कामांपैकी एक होते. आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस. नुसते बांध घालून पूर थांबवण्याच्या जुन्या रीतीवर बाबासाहेबांनी कटकला टीका केली, संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार मांडला. म्हणजे पवनीला जी पातळी लिहिली जाते ती लिहिण्याची व्यवस्था ज्या संस्थेने केली, तिच्या उभारणीमागे बाबासाहेब आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत आपण हे किती वेळा सांगतो?

संपूर्ण खोऱ्याचा विचार म्हटला की गोसीखुर्दचा प्रश्न टाळता येत नाही. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. वर कारध्याला वैनगंगेची धोक्याची पातळी म्हणून जो आकडा सांगितला जातो तोही २४५.५०. पावसाळ्यात जलाशय किती भरू द्यायचा आणि वरून पाणी येण्याआधी किती रिकामा ठेवायचा, हा निर्णय त्यामुळे केवळ अभियंत्यांचा राहत नाही. तो भंडारा शहराच्या सखल वस्त्यांचा जीवनमरणाचा निर्णय ठरतो. आम्ही धरणविरोधी नाही, बाबासाहेबांचे अनुयायी धरणविरोधी कसे असतील? आम्ही हिशेब मागतो. कुठल्या तारखेला, किती वाजता, किती दरवाजे, किती विसर्ग. संजय सरोवर मध्य प्रदेशात, गोसीखुर्द महाराष्ट्रात, मग जबाबदार कोण, असा चेंडू दरवर्षी टोलवला जातो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतली ५६ वी नोंद आंतरराज्य नद्यांचीच आहे. दिल्लीने हात वर करण्याचे कारण नाही.

आता कायद्याचा मुद्दा, जो आमच्या मते या सगळ्याचा गाभा आहे. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ८३ सांगत असे की केंद्र वा राज्य सरकारच्या अधिकाराने काढलेला नकाशा अचूक आहे असे न्यायालय गृहीत धरेल, पण एखाद्या दाव्यासाठी मुद्दाम काढलेल्या नकाशाची अचूकता सिद्ध करावी लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. याचा अर्थ काय? आपल्या एखाद्या हुशार पोराने फुकट चित्रे उतरवून घरी नकाशा काढला तर तो उपयोगाचा आहे, पण तो सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर. शिवाय संगणकातल्या पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते बंधनकारक ठरवले आहे. तोच नकाशा शासनाने काढला तर गृहीतक आपल्या बाजूने. म्हणून आमची मागणी एकच : प्रत्येक पुराचा गावनिहाय नकाशा शासनाने स्वतः काढावा, त्याला पातळीच्या तासवार नोंदी जोडाव्यात, आणि पंचनामे सुरू होण्याआधी तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. नकाशात न दिसणाऱ्या वस्त्यांची तपासणी ग्रामसभेसमोर व्हावी.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. उत्तम तरतूद आहे, पण भेदभाव सिद्ध कसा करणार? २००८ च्या कोसीच्या पुरात दलित वस्त्यांना मदत उशिरा पोचल्याच्या तक्रारी संघटनांनी केल्याच होत्या. तक्रार आणि पुरावा यांत अंतर असते. एकाच पातळीच्या दोन वस्त्या, दोन्ही पाण्यात, एकीचा पंचनामा झाला, दुसरीचा नाही, हे नकाशावर दाखवता आले तर ते अंतर मिटते. लक्षात ठेवावे की कलम ७१ ने या बाबतीत दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले आहे. दाद मागायची तर उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय. म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठ. तिथे कागद लागतात, घोषणा चालत नाहीत.

एक धोकाही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात पूररेषा दोन. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रंगाशी आपले नाते जिव्हाळ्याचे, पण या निळ्या रेषेपासून सावध राहावे. तिच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि तिथे राहतात कोण? ज्यांना वर जागा मिळाली नाही ते. पुराचा नकाशा मदतीसाठी मागावा आणि तोच उद्या अतिक्रमणाची नोटीस होऊन यावा, असे घडू शकते. त्यामुळे नकाशाच्या मागणीसोबत पर्यायी जागेची, पट्ट्याची मागणी त्याच अर्जात, त्याच कागदावर लिहावी. वेगळ्या अर्जात लिहिलेली मागणी वेगळ्या फाइलीत जाते आणि तिथेच झोपते.

आणि भूमिहीनांचे काय? पिकाची मदत सातबारावरच्या खातेदाराला मिळते. बटईने करणारा, रोवणीच्या मजुरीवर पावसाळा काढणारी बाई, पुरात जाळे आणि डोंगा गमावलेला ढीवर यांचा सातबारा कुठला? उपग्रह सातबारा विचारत नाही, तो फक्त पाणी दाखवतो. त्या पाण्याखाली कुणाचे काम बुडाले ही यादी आपल्यालाच करावी लागेल. प्रत्येक बौद्ध विहारात एक वही ठेवा. कुटुंब, घर, जनावरे, बटईची बांधी, मजुरीचे बुडालेले दिवस, सगळे त्यात आले पाहिजे.

माहिती अधिकाराचे अर्ज पावसाळा संपल्यावर नव्हे, पूर येऊन गेल्याच्या आठवड्यातच टाकावेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पूरनकाशा आणि पंचनाम्यांच्या प्रती मागाव्यात, जलसंपदा विभागाकडे दरवाजे व विसर्गाची तासवार नोंदवही, केंद्रीय जल आयोगाकडे पातळीच्या नोंदी. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू खोऱ्यांची माहिती गोपनीय धरली जाते, पण वैनगंगा गोदावरी खोऱ्यातली आहे. 'गोपनीय' असे उत्तर आले तर ते स्वीकारू नये, अपील करावे.

आणि पाणी उतरताच, चिखल धुण्याआधी, प्रत्येक घराच्या भिंतीवर पाणी जिथवर आले तिथे तैलरंगाने रेघ मारून तारीख आणि वेळ लिहावी. जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची फुटपट्टीने मोजून वहीत नोंदवावी. शेजाऱ्याला उभे करून, रेघ दिसेल असा फोटो घ्यावा आणि ज्या मोबाइलमध्ये तो घेतला तो मोबाइल विकू नये, कारण मूळ फोटो त्यातच असतो. रडारला जी वस्ती दिसत नाही तिचा नकाशा या रेघांवरूनच काढता येतो.